दारात उभी, पण नावावर नाही

धाकट्यास, थोरलीचा आशीर्वाद. आशीर्वाद देऊन झाला, आता भांडायला मोकळी झाले.

गाडी दारात उभी आहे आणि ती माझी नाही. किल्ली माझ्याकडे, पेट्रोल मी भरलेलं, सीटचं उसवलेलं कव्हर मी शिवलेलं, शेजारचं कुत्रं चाकावर करून जातं ते रोज मी धुते, आणि कागद म्हणतात मालक दुसराच. तू म्हणशील, ताई, तब्येत कशी आहे. तब्येतीला काय धाड भरली आहे? गुडघा दुखतो, तो दुखायचाच. तुझी पाठ, तुझ्या बायकोचा खोकला आणि पोरीचे पडलेले दात यांचं काय झालं ते कळव, पण माझं वाचून झाल्यावर कळव. दात पडले तरी दुसरे येतात. माझं मोठ्या दवाखान्याचं गिऱ्हाईक गेलं तर दुसरं येणार नाही. (फोनवर का नाही सांगितलं म्हणशील, तर फोनवर तू नुसतं "हो ताई, हो ताई" करतोस आणि मागे टीव्हीवर कोणीतरी रडत असतं. कागदावर हो म्हणालास की मला ते धरून ठेवता येतं.)

आता सुरुवात कोणी केली ते आठव. मागे तू आलास तेव्हा मी दवाखान्याच्या इस्त्री केलेल्या चादरी हातगाडीवर रचून चढावरून ढकलत होते. तूच म्हणालास की चौकातला फुलवाला त्याची व्हॅन विकतोय, घेऊन टाक, माणूस सरळ आहे. सरळ! तुझ्या त्या जाड चष्म्यातून तुला वाकडं दिसलंय काय कधी? (तो चष्मा कोणी बनवला तेही पुढे येणार आहे. मी अजून काही बोलत नाही, फक्त जुळवून बघतेय.)

मी फुलवाल्याकडे गेले. त्याने सांगितलेली किंमत खूप खाली पाडून मागितली. तो हो म्हणाला. विकणारा माणूस पहिल्या झटक्याला हो म्हणतो म्हणजे एक तर गाडी चोरीची, नाही तर आत काहीतरी मेलेलं. म्हणून मी आणखी पाडली. तो तेही हो म्हणाला. मग मात्र माझी खात्रीच पटली. चहा अर्धा टाकून उठले (चहालाही वास होता, नंतर कळलं की तो फुलांच्या बादलीतल्या पाण्याचा) आणि दुसऱ्या दिवशी परत जाऊन विचारलं, इतक्या स्वस्तात का देतोस ते खरं सांग, नाही तर मी घेत नाही. तर म्हणतो कसा, "ताई, मग जास्त द्या." असल्या माणसाशी बोलायचं तरी काय?

गॅरेजवाला आणला. तो गाडीखाली पाठीवर इतका वेळ पडून राहिला की मला वाटलं याचा डोळा लागला. बाहेर येऊन म्हणाला, गाडी ठणठणीत आहे. म्हटलं झालं, हा फुलवाल्याला मिळालेला. दुसरा गॅरेजवाला आणला, पार दुसऱ्या टोकाचा, पहिल्याचं नावही काढलं नाही. त्यालाही काही सापडेना. म्हणजे दोघेही मिळालेले. तुझे दाजी म्हणाले, अगं, गाडीच चांगली असेल. इतकी वर्षं माझ्याबरोबर राहून या माणसाला अजून जगाची ओळख नाही.

शेवटी घेतली. मी चांगली गाडी घेतली असं कोणाला सांगू नकोस, पण चढावर ती जाते खरी. फुलवाल्याने प्लास्टिकच्या पिशवीतून कागदांचा गठ्ठा दिला आणि म्हणाला, यात सगळं आहे, जपा. आता मी शाळा बघितली ती चौथीपर्यंत, त्यातली निम्मी खिडकीबाहेर. पण मी बोट ठेवून वाचते, आणि बोट ठेवून वाचणाऱ्याला फसवणं अवघड असतं, कारण बोट उड्या मारत नाही. एकेक कागद काढला. विम्याचा, ठीक. धुराचा, ठीक. मग एक छापील फॉर्म निघाला. वरपासून खालपर्यंत सगळ्या रेघा मोकळ्या, नाव नाही, गाव नाही, तारीख नाही, आणि अगदी तळाला एक सही. लांब शेपटीची, शेपटीखाली दोन टिंबं. फुलवाल्याची नव्हे. त्याची सही मी पाहिली आहे, ती कोबीच्या गड्ड्यासारखी आहे.

आपले बाबा काय सांगायचे? कोऱ्या कागदावर सही करणारा मूर्ख आणि तसला कागद घरात ठेवणारा चोर. मूर्ख कोण ते मला माहीत नव्हतं, पण चोर मी ठरणार हे लख्ख दिसलं. उद्या कोणीतरी दारात येणार, हीच ती बाई म्हणणार, कोणाच्या तरी सहीवर भलतंसलतं लिहायला बसली होती म्हणणार. फुलवाला इतका गोड का वागत होता त्याचा उलगडा झाला. मी तो फॉर्म फाडला. नुसता फाडला नाही. इस्त्री तापली की गिऱ्हाईकाच्या कपड्याला लावण्याआधी मी ती रद्दी कागदावर फिरवून बघते हे तुला ठाऊक आहेच (तुझी पाढ्यांची वही कुठे गेली म्हणून तू रडला होतास). तुकडे करून इस्त्रीशेजारच्या डब्यात टाकले आणि एकेक वापरले. कागद जाड होता, चांगला चालला. डॉक्टरांचे कोट त्यावर पारखूनच केले. आठवडाभर मला शांत झोप लागली. आता लागत नाही.

कारण मग मी फुलवाल्याला बरोबर घेऊन गाडी नावावर करायला गेले. त्या ऑफिसात एक खिडकी उघडी असते आणि बाकीच्या खिडक्यांत फायलींचे ढीग बसलेले असतात. उघड्या खिडकीतल्या बाईने गठ्ठा उलटा केला, सुलटा केला आणि विचारलं, मालकाचा सही केलेला फॉर्म कुठे आहे? म्हटलं, मालक हा काय शेजारी उभा आहे, आत्ता सही घ्या, वाटलं तर बोटाचा ठसा घ्या. ती म्हणाली, हा मालक नाहीच. गाडी अजून चष्मेवाल्याच्या नावावर आहे.

तर झालं होतं असं. ही गाडी मुळात एका चष्मेवाल्याची. फुलवाल्याने ती त्याच्याकडून घेतली, पण स्वतःच्या नावावर करायचा कंटाळा केला. चष्मेवाल्याने सही करून दिलेला कोरा फॉर्म खणात टाकला आणि वर्षानुवर्षं फुलं वाहिली. विकताना तोच फॉर्म मला दिला. मी वर आपलं नाव घालायचं आणि काम खलास. "सगळे असंच करतात, ताई," फुलवाला म्हणाला. सगळे! मग तोंडाने सांगायला काय झालं होतं? म्हणे, सांगितलं की, जपा म्हणून. मग त्याने हळूच विचारलं, तो फॉर्म आहे ना पण? मी भिंतीवरच्या पंख्याकडे बघत राहिले.

बाहेर झाडाखाली खुर्ची टाकून एक एजंट बसतो. त्याला खिडकीतलं सगळं ऐकू येतं (कसं येतं ते मला विचारू नकोस, पण मला कळलंय). तो म्हणाला, कशाला त्रास घेता, चष्मेवाल्याची सही मीच करून देतो, हुबेहूब. म्हटलं, आधी तुझी स्वतःची करून दाखव. त्याने दोनदा केली, दोन्ही वेगळ्या. शिवाय हा माणूस मला पकडायलाच बसवलेला असणार, नाही तर खुर्चीला इतकी चांगली गादी कुठून आली? मी निघून आले.

मग फुलवाल्याकडून नंबर घेऊन चष्मेवाल्याला फोन केला. तो आता दुकान घेऊन तुझ्या गावाला गेलाय, बाजाराच्या कोपऱ्यावर. हो, तोच. तुझाच चष्मेवाला. मी म्हटलं, तुमची एका कागदावर सही पाहिजे. तो म्हणाला, कसला कागद? म्हटलं, तसा कोराच आहे, मी मागून भरीन. धाकट्या, बोलता बोलताच मला कळलं की माझ्याकडे कोणी असला फोन केला असता तर मी काय केलं असतं. त्याने तेच केलं. फोन आपटला. पुन्हा लावला तर म्हणाला, "बाई, मी एकदा सही करून दिली होती, ती कुठाय?" म्हटलं, हरवली. "हरवली म्हणजे कोणाच्या तरी हातात आहे. आधी ती दाखवा, मग दुसरीचं बोला." आणि पुन्हा आपटला. अगदी माझ्या तोंडचं वाक्य. इतका शहाणा माणूस मला बऱ्याच दिवसांत भेटला नव्हता, मेल्याचा असा राग आला म्हणून सांगू.

शेवटी तुझ्या दाजींनी फोन हातात घेतला आणि खरं ते सांगून टाकलं, इस्त्रीसकट. मी खुणा करत होते, पण या माणसाला खुणा कळल्या असत्या तर काय हवं होतं. मग चष्मेवाल्याने विचारलं, इथे तुमच्या ओळखीचं कोणी आहे का? दाजींनी तुझं वर्णन केलं. जाड भिंगं, पाठ धरून चालणारा, सारखं हो म्हणणारा. चष्मेवाला म्हणाला, "तो? त्याच्या डोळ्यांत मी बॅटरी मारून पाहिलंय. त्यात काही नाही. त्याला पाठवा." हा तुझा मान आहे की अपमान ते तू ठरव, पण जा.

आता घाई का ते ऐक. दवाखान्याच्या स्टोअरवाल्या बाईने सांगितलंय, पहिल्या तारखेपासून ज्याचा ठेका त्याच्याच नावावरची गाडी फाटकातून आत येईल. ऑफिसची पावती मिळाली तरी ती चालवून घेईन म्हणाली. नाही तर चादरी वळणावरच्या लाँड्रीवाल्याला. तो लाँड्रीवाला हल्ली मला बघून हसतो. पूर्वी हसत नव्हता. हातगाडी मी विकून टाकली आहे आणि गुडघा कसा आहे ते वर लिहिलंच. चादरी गेल्या तर माझ्या गाळ्यात उरतील शेजारपाजारचे चार शर्ट आणि तुझे दाजी. म्हणून जा, सोबतच्या नव्या फॉर्मवर त्याची सही घे आणि पाठव. फुलवाल्याने तुला काय दिलं ते आपण नंतर बघू.

तुझ्या बायकोला सांग, खोकल्यावर ऊन पाणी पी आणि डॉक्टर बदल. तो मिळालेला आहे.

तुझी,
ताई

ता. क. पाकिटात चिकटवलेला करपलेला तुकडा फेकू नकोस. तो पुरावा आहे. चष्मेवाला म्हणाला, जळला असेल तर जळलेला दाखवा. डबा उपसला, टेबलाची चादर उचकटली, तेव्हा खाली हा एकच निघाला. शेपटीचं टोक आणि दोन टिंबं स्पष्ट दिसतात. त्याला दुकानातल्या भिंगातून बघू दे, पण हातात देऊ नकोस.

ता. क. दुसरा. खरं काम राहिलंच. चष्मेवाल्याला माझ्याकडून काहीतरी लिहून हवंय, की आता गाडीने काही केलं तर त्याची जबाबदारी नाही. नक्की काय लिहायचं ते तो फोनवर सांगत नाही (फोनवर त्याचाही विश्वास नाही). समोर बसून तुला सांगणार. मग ते लिहून माझ्याकडे पाठवायचं, मी सही करून परत पाठवायचं, तोवर पहिली तारीख उलटून जाईल. म्हणून फॉर्मच्या मागे एक कोरा कागद घडी करून ठेवला आहे. खाली माझी सही आहे. वर तो सांगेल ते तू लिही. जागा पुरेल इतकीच ठेवली आहे, बाकी मी पेनाने आडव्या रेघा मारून टाकल्यात. बाबांच्या म्हणण्याप्रमाणे आता मी मूर्ख आणि कागद तुझ्या घरात आहे तोवर तू चोर. लवकर भर म्हणजे दोघंही सुटू. तुझ्या बायकोसमोर उघडू नकोस. दाजींना या कोऱ्या कागदाचं काही माहीत नाही, त्यांना कळलं तर जन्मभर हसतील. कागद नाहीच लागला तर तुझ्या घरी इस्त्री आहे. जे काही असेल ते शुक्रवारपर्यंत मला लिहून कळव, आणि नुसतं "हो ताई" चालणार नाही.