बाई, अक्षरं शेलच गिळत होता

प्रिय बाई,

आज सकाळी दुरुस्ती मंजूर झाली आणि हात आपोआप फोनकडे गेला. नल्लकुंट्याला, तुमच्या घरी, फोन लावायचा, तुम्ही "बोल गोविंद, पण पुटपुटू नकोस" म्हणायचं... मग आठवलं, तुम्हाला जाऊन चार महिने झाले. म्हणून हे पत्र. फोनवर तुम्ही मला एक वाक्य पुरं करू द्यायचा नाहीत. इथं तरी करता येईल!

बातमी आधी सांगतो. तुमची बोटं चुकत नव्हती. अक्षरं आमचा शेलच गिळत होता.

हा शेल तुमच्या गळ्यात मीच बांधला, आठवतं? टायपिंग इन्स्टिट्यूट बंद केल्यावर तुम्ही मराठी वाचनालयाची पुस्तकसूची कॉम्प्युटरवर चढवायला घेतलीत. मी माझ्या दुकानातलं एक जुनं मशीन आणून दिलं. माउस बघून म्हणालात, "हात बोर्डावरून उचलायचाच कशाला? इस्त्री करायची आहे का?" मग मी काळा पडदा उघडून दाखवला. इथं चित्रं नाहीत, बाई, नुसते हुकूम टाइप करायचे: या फाइलची प्रत काढ, ही तिकडे ठेव, ती छाप. हुकूम ऐकणारा जो प्रोग्राम, तो शेल. चेहरा काय खुलला तुमचा! "हे तर टाइपरायटरचंच खानदान!"

हा शेल कुणा कंपनीचा नाही, कुणीही चूक कळवावी, कुणीही दुरुस्त करावी, आणि आम्ही पाच-सात जण फावल्या वेळात त्याची निगा राखतो, हेही सांगितलं.

"फुकट करतोस?"

"हौ."

"मग मन लावून करत असशील."

काचीगुड्याला तुमच्या इन्स्टिट्यूटमध्ये पंधरा मशीनं एकदम खडखडायची. तुम्ही पाठमोऱ्या उभ्या राहून फळ्यावर काहीतरी लिहीत असायचात आणि तिथूनच म्हणायचात, "खिडकीपाशी कोण आहे? एक अक्षर राहिलं." कसं कळायचं हो? मला कॉलेज झेपलं नाही. पुढे जे काही जमलं, ते त्या खडखडाटात तयार झालेल्या कानांवर.

आणि त्याच कानांनी मी तुमचंच ऐकलं नाही.

तुम्ही रीतसर तक्रार लिहिलीत, समास सोडून लिहिल्यासारखी नेटकी: एक हुकूम चालू असताना पुढचा टाइप केला, तर त्याची सुरुवातीची अक्षरं नाहीशी होतात. आमच्यात कुणालाच ते दिसेना. दिसणार कसं? आम्ही सगळे एंटर मारतो आणि पडद्याकडे बघत बसतो. न थांबता पुढची ओळ हाणत राहायचं, हे फक्त टायपिस्टालाच सुचतं! मी तुम्हाला दुकानात बोलावलं, माझ्या मशीनवर टाइप करायला लावलं. एकही अक्षर पडलं नाही.

"बघा बाई."

"बघितलं."

"आता वय झालं की बोट निसटतं एखाद्या वेळी. परेशान होऊ नका."

तुम्ही चष्मा पुसलात. "निसटत असेल," म्हणालात. मी तक्रारीखाली लिहिलं, 'आढळलं नाही', आणि ती बंद केली.

बाई, तुम्ही भांडला का नाहीत? कोथिंबिरीच्या एका जुडीसाठी तेलुगू, उर्दू, मराठी अशा तिन्ही भाषांत भांडणाऱ्या तुम्ही! तुमच्यावरचा माझा हा राग अजून गेलेला नाही.

तुमच्यामागे तुमच्या सुनेनं, सुनीतानं, सूची काढून द्यायला बोलावलं. तुमच्या खुर्चीत बसलो. तोच कीबोर्ड, गल्लीत ऐकू जाईल असा वाजणारा. प्रत काढायचा हुकूम दिला, घाईत होतो, दुसरा लगेच टाइप केला. कानांनी नऊ टकटक ऐकल्या. पडद्यावर पाच अक्षरं.

पुन्हा केलं. नऊ टकटक, चार अक्षरं.

सुनीता म्हणाली, "त्यावर तसंच होतं, काका. आईंनी सवय करून घेतली होती. एंटर मारायच्या, हात मांडीवर ठेवून बसायच्या, मग बघून बघून टाइप करायच्या."

हात मांडीवर! तुमचे हात!

कारण कळायला तासही लागला नाही. माझ्या मशीनवर हुकूम पापणी लवायच्या आत संपतो. तुमच्या मशीनला, मीच दिलेल्या, दोन श्वास लागतात. हुकूम संपला की शेल कीबोर्ड परत ताब्यात घेतो, आणि घेताना मधल्या वेळात टाइप झालेलं सगळं फेकून देतो. तेवढ्यात तुमची अर्धी ओळ झालेली असायची.

मी दुरुस्ती पाठवली, ती निगा राखणाऱ्या आमच्यातल्याच एका ज्येष्ठानं अडवली. "ते मुद्दाम ठेवलंय. चुकून दाबलेली बटणं हुकूम होऊ नयेत म्हणून." त्याचंही खोटं नाही. पण मी तुमच्या कीबोर्डचा आवाज आणि पडदा दोन्ही फोनवर टिपले, आणि पाठवताना लिहिलं, "टकटक मोजा, मग अक्षरं मोजा. या बाई चुकून बटणं दाबत नव्हत्या." आज उत्तर आलं: "मोजली. बदला."

बदल केवढा, माहीत आहे? एका शब्दाचा! 'फेकून दे'च्या जागी 'राहू दे', अशा अर्थाचा.

बंद केलेली तुमची तक्रार मी पुन्हा उघडली आणि खाली लिहिलं, "बाईंचं बरोबर होतं. तपासणी चुकीच्या मशीनवर झाली. करणारा मी." नव्या आवृत्तीतल्या बदलांच्या यादीत 'चूक कुणी शोधली' यापुढे तुमचं पूर्ण नाव आहे.

दुपारी सुनीताला तुमच्या मशीनवर दाखवलं. तिनं मुद्दाम न थांबता टाइप केलं. सगळी अक्षरं आली. ती हसली, मग पदर डोळ्यांना लावला. "आता आईंना कळवायचं कसं?" म्हटलं, बघतो.

बाई, 'आढळलं नाही' म्हणून मी बंद केलेल्या अजून बऱ्याच तक्रारी आहेत. आज त्या सगळ्या उघडल्या. पहिली मलकपेठच्या एका होमिओपॅथी डॉक्टरांची: शेल त्यांचे कालचे हुकूम विसरतो म्हणे. रविवारी त्यांच्याकडे जातोय. त्यांचंच मशीन, त्यांचेच हात. मी नुसता शेजारी स्टुलावर बसेन आणि ते थांबेपर्यंत तोंड उघडणार नाही. शब्द देतो.

तुमचा विद्यार्थी,
गोविंद