लिफ्ट बंद आहे

चारकोप,
२६ सप्टेंबर २०२४

चि. सौ. नमितास, अनेक आशीर्वाद.

वि. वि. काल आईच्या श्राद्धाला मुलुंडला तुमच्याकडे आले, पोटभर जेवले, तुझ्या वड्यांना नावंही ठेवली आणि बोलायचं तेच न बोलता परत आले. व्हॉट्सअ‍ॅपवर चारदा लिहिलं नि चारदा पुसलं. म्हणून हा कागद. हसू नकोस.

काल गच्चीवर कावळ्याला पान ठेवताना तू स्वतःचे कान पकडलेस, ते मी जिन्यातून पाहिलं. आई जाऊन सात वर्षं झाली गं! कान खरं तर मी पकडायला हवेत.

दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना. तासभर सगळे उन्हात ताटकळले. आईचा जीव कशात अडकलाय अशी कुजबुज सुरू झाली, तेव्हा मीच सगळ्यांदेखत म्हटलं की नमिताने आईची सुकट फेकली होती, तिने माफी मागावी. तू हात जोडलेस, रडलीस आणि कावळा शिवला. भावकीला तेवढंच पुरलं.

त्याच घटकेला मीही मनात आईची माफी मागत होते. शेवटच्या वर्षी तिला आठ दिवस माझ्याकडे राहायला यायचं होतं. पिशवीसुद्धा भरून ठेवली होती तिने. सासूबाईंची कुरबुर नको म्हणून मी सांगितलं की लिफ्ट बंद आहे, पाच मजले तुला झेपायचे नाहीत. लिफ्ट चौथ्या दिवशी सुरू झाली. मी मात्र ती तीन महिने बंदच ठेवली, आणि मग आई गेली. घाटावर नजरा माझ्याकडे वळतील म्हणून मी बोट तुझ्याकडे केलं. फार लाज वाटते. माफ कर म्हणायलाही तोंड नाही.

सुशांतलाही हे वाचून दाखव, त्याला बहीण कशी आहे ते कळू दे. लोभ ठेवायचा की नाही, ते आता तूच ठरव.

तुझी नणंद,
शेवंती


मुलुंड,
४ ऑक्टोबर २०२४

ती. शेवंतीताईंस, सा. न. वि. वि.

पत्र वाचून दोन दिवस तुमचा राग आला, खोटं कशाला बोलू? मग स्वतःचाच आला.

ताई, लिफ्टचं मला तेव्हाच ठाऊक होतं. आईंनी आमसुलं देऊन मला तुमच्याकडे पाठवलं होतं. दाराला कुलूप होतं. मी लिफ्टनेच वर गेले आणि लिफ्टनेच खाली आले. घरी येऊन आईंना ते तिखटमीठ लावून सांगितलं. लाडकी लेक कशी आहे ते कळू दे म्हणून. आईंचा चेहरा उतरला. पिशवी त्यांनी पलंगाखाली सरकवली आणि एवढंच म्हणाल्या की शेवंतीक सांगा नको, लाजान मरात ती.

घाटावर मी माफी मागितली ती सुकटीची नव्हती, या चहाडीची होती. कान पकडते तेही त्यासाठीच. आईंनी तुम्हाला त्याच दिवशी माफ केलं होतं, आणि ते मी सात वर्षं तुम्हाला कळू दिलं नाही. तुम्ही मला चारचौघांत रडवलंत ना, म्हणून. मलाही लाज वाटते, ताई.

पिशवी अजून पलंगाखालीच आहे. काल पहिल्यांदा उघडली. आत दोन लुगडी, जपमाळ आणि तुमच्या सासूबाईंसाठी घेतलेली तपकिरीची डबी.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ती पिशवी घेऊन मी येते. आठ दिवस राहीन. लिफ्ट बंद असली तरी चढेन.

लोभ आईंचा होता तेवढाच असू द्या.

तुमची,
नमिता