आठ भोकांचा कनेक्टर

३ नोव्हेंबर

माझ्या खुर्चीत बसला! मी वाण्याकडे गेले होते, तेवढ्या वेळात. परत येते तर जावईबापू आमच्या दुरुस्तीच्या दुकानात, खिडकीजवळच्या टेबलाशी, माझ्या भिंगाच्या दिव्याखाली मान घालून. आणि आमची कन्या शेजारी उभी, चेहऱ्यावर कौतुक मावत नाही! "अगं आई, तिथे उजेड चांगला येतो ना." येतो. म्हणूनच हिचे बाबा गेल्यापासून मी तिथे बसते.

म्हटलं, "उठा." उठला. "बघूया," म्हणाला. ह्या माणसाला काहीही सांगा — बघूया. नोकरी गेली — बघूया. सासुरवाडीला राहाल का थोडे दिवस? — बघूया, आणि दुसऱ्या दिवशी दोन बॅगा घेऊन दारात! मी मनातल्या मनात त्याचं नावच बघूया ठेवलंय. आधी एका दुकानात कॉम्प्युटरचे कॅबिनेट विकायचा. नुसते पत्र्याचे डबे! आणि आता माझ्या टेबलावर बसून कॉम्प्युटर दुरुस्त करणार म्हणे.

४ नोव्हेंबर

कन्या म्हणते, "आई, त्यांना शिकव ना." शिकवते म्हटलं. चांगलाच धडा शिकवते.

६ नोव्हेंबर

भरतकामाच्या कारखान्याची मालकीणबाई आली. कॉम्प्युटर पोटाशी धरून. तिच्या सगळ्या मशीन ह्या एका कॉम्प्युटरवर चालतात. वरून टाकीचं पाणी गळत राहिलं, कॅबिनेटची गंजून चाळण झाली, पॉवर सप्लाय जळला. आतला बोर्ड मात्र ठणठणीत. नक्षीचं सॉफ्टवेअर त्याच बोर्डाला बांधलेलं, दुसऱ्यावर उघडतच नाही, आणि ते बनवणारे कधीच दुकान गुंडाळून गेले. "हा बोर्ड गेला तर माझा कारखाना गेला हो. बायका हातावर हात ठेवून बसल्यात." रडायच्या बेतात होती.

बोर्ड त्या मोठ्या कंपनीचा. त्यांचं सगळंच जगावेगळं! बाजारातल्या सप्लायला चोवीस भोकांचा कनेक्टर, ह्यांच्या बोर्डाला लागतो आठ भोकांचा. सगळ्यांच्या पंख्याला चार तारा, ह्यांच्या पंख्याला पाच. चालू करायचं बटण, दिवा, सगळं एकाच ठोकळ्यात. आणि त्या ठोकळ्यावर कंपनीचीच वायर नसेल तर बोर्ड रुसून बसतो — पडद्यावर तक्रार दाखवतो आणि कोणी कळ दाबेपर्यंत पुढे हलत नाही. मालकीणबाईच्या कारखान्यात ह्याला कीबोर्डसुद्धा नाही. कळ कोण दाबणार? म्हणजे साध्या कॅबिनेटमध्ये, साध्या सप्लायवर हा बोर्ड चालवायचा तर एकेक जोड हाताने बनवायला हवा. आसपास हे काम फक्त मला येतं.

मी "करते" म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात कन्या म्हणाली, "हे करतील." हे! म्हणजे बघूया!

मालकीणबाई गेल्यावर कडाक्याचं भांडण. शेवटी मी म्हटलं, "ठीक आहे. करू दे एकट्याला. जमलं तर खिडकीचं टेबल त्यांचं, मी हूं की चूं करणार नाही. बोर्ड जळला तर बॅगा उचलायच्या आणि दुसरीकडे बिऱ्हाड शोधायचं." कन्या लालबुंद. "आणि मी?" तुला कोण जा म्हणतंय, तू माझी मुलगी आहेस. ती म्हणाली, "ठरलं. आणि शब्द फिरवायचा नाही, आई."

त्याला विचारलं. काय म्हणाला ते लिहायलाच नको.

७ नोव्हेंबर

भंगारवाला आला होता. जुन्या कॅबिनेटची पुढची वायर, ठोकळ्यासकट, त्याच्या पोत्यात घातली. तीच कापून नव्या बटणाला जोडली असती की अर्धं काम झालं होतं. आता बसा शोधत!

दुपारी कन्या टेबलाखाली वाकून वाकून दमली. "आई, ती वायर कुठे गेली?" म्हटलं, दिली भंगारात, कचरा वाटला. "कचरा? जुनी वायर टाकली म्हणून तू मला एकदा जेवायला वाढलं नव्हतंस!" खरंच नव्हतं वाढलं. ती चिडेल असं वाटलं होतं. चिडली नाही. माझ्याकडे नुसती बघत राहिली आणि मग हळूच म्हणाली, "असू दे." हिला काय झालं?

१० नोव्हेंबर

आमच्या दुकानाचा एक नियम आहे. कनेक्टरची आकृती काढायची ती तोंडाकडून, म्हणजे भोकं आपल्यासमोर धरून. तारांच्या बाजूने बघितलं की डावं ते उजवं होतं आणि उजवं ते डावं. तेवढ्यावर बोर्ड जळतात. हा नियम मी कन्येच्या डोक्यात ती फ्रॉक घालायची तेव्हापासून ठोकून बसवलाय. झोपेतून उठवून विचारा, सांगेल.

जळक्या सप्लायच्या तारा सगळ्या काळ्या. रंगांचा खर्च वाचवलाय मेल्यांनी! कोणती तार कशाची, कळायला मार्ग नाही. बघूया दोन दिवस नुसता त्या आठ भोकांकडे बघतोय. आज मी चहाचा कप घेऊन जवळ गेले. प्रेमाने! "हे मॉडेल केलंय हो मी पूर्वी. पाठ आहे मला." आणि कागद ओढून आकृती काढून दिली. आठ चौकोन, आठ नावं, सुबक अक्षर. वर लिहिलं — तोंडाकडून.

काढली तारांच्या बाजूने.

"फार उपकार झाले, आई," म्हणाला. कागद दोन्ही हातांनी घेतला. मला हसू आवरेना, म्हणून कप विसळायच्या निमित्ताने आत गेले. बारा व्होल्ट नको त्या पिनेवर गेले की संपलं. एक चट् आणि जरासा वास, बस्स. मालकीणबाईचं वाटोळं होईल. होईल. सुक्याबरोबर ओलंही जळतं, त्याला मी काय करू?

११ नोव्हेंबर

झोप छान लागली.

१२ नोव्हेंबर

मी टेबलाकडे फिरकत नाही. मागाहून कोणी म्हणायला नको, सासूने हात लावला. काउंटरवर बसून राहते. आतून मीटरचं बीप, बीप ऐकू येतं. पंख्याच्या तारा तपासत असणार. तपासा, बापू, तपासा! बैल गेल्यावर झोपा करणार आहात.

कन्येने त्याच्यासाठी संत्रं सोलून नेलं. एकेक फोड हातात देत होती. लग्न झालं तेव्हा म्हटलं होतं, अगं, ह्याच्यात काय बघितलंस? म्हणाली, "तो ओरडत नाही." कोणाला टोमणा होता ते कळलं मला.

१४ नोव्हेंबर

आज चालू करून बघायचं होतं. मी आधीच खिडकी उघडून ठेवली, वास कोंडायला नको. कन्येचे हात थंडगार, माझा दंड धरून उभी. मला एवढं बरं वाटलं त्या धरण्याने! मनात म्हटलं, थांब बाई, दोन मिनिटांत तू माझी आहेस.

त्याने बटण दाबलं.

पंखा फिरला.

फिरला! चट् नाही, वास नाही, काही नाही. पडद्यावर कंपनीचं नाव आलं. कन्या टाळ्या पिटायला लागली. मी तशीच उभी. डोक्यात एकच — अगं बाई, मी चुकून बरोबर काढली की काय? वाईट करायला बसले आणि तेही धड जमलं नाही?

मग पडदा थबकला. पुढची वायर नाही. पंखा ओळखता येत नाही. कळ दाबा. बोर्ड रुसला! चला, काहीतरी शिल्लक आहे. ती वायर भंगारवाल्याच्या पोत्यात गेली, तिचं काय करणार आहेस, सांग!

१५ नोव्हेंबर

केलं त्याने. ठोकळ्यातल्या एका पिनेला ग्राउंड, म्हणजे शून्य व्होल्टची तार, जोडली की बोर्डाला वाटतं, वायर आहे. पंख्याच्या पाचव्या तारेचंही तसंच काहीतरी करून टाकलं. एकेक पीन बघत, सकाळपासून, न कुरकुरता. मी हे शिकले तेव्हा दोन बोर्ड जाळले होते. दुपारी कॉम्प्युटर चालू झाला तो सरळ नक्षीच्या सॉफ्टवेअरपर्यंत गेला, कुठे थांबला नाही.

मालकीणबाईने त्याचे दोन्ही हात धरले. "तुम्ही होतात म्हणून हो!" मी काउंटरवर बसलेली. मला कोणी विचारलं नाही.

टेबल गेलं. शब्द माझाच होता. बरं, भिंतीकडचं टेबल आहे, तिथे बसेन. सोल्डरिंगची गन तर कोणी हिसकावत नाही ना?

१७ नोव्हेंबर

दुकान उघडायच्या आधी कन्या माझ्याजवळ येऊन बसली. हातात माझ्या आकृतीचा कागद.

"आई, रागावू नकोस हं." मग सगळं सांगितलं. बघूयाने तारा जोडायच्या आधी मीटरची एक टोचणी बोर्डाच्या स्क्रूच्या भोकाला लावून सगळ्या पिना तपासल्या. स्क्रूचं भोक ग्राउंडचंच असतं, म्हणून जिथे बीप तिथे ग्राउंड. माझ्या आकृतीत ग्राउंड भलतीकडे! त्याने मुकाट्याने उलटं करून जोडलं. "मला म्हणाले, आईंना कळू देऊ नकोस, त्यांना फार लागेल. पण आई, वर तोंडाकडून लिहून तू तारांच्या बाजूने काढलीस. तू! वायर भंगारात दिलीस. तुला दिसत नाहीये का गं नीट? की... लक्षात राहत नाही?" आणि रडायला लागली. माझा हात गालाशी धरून.

मी काय सांगणार होते? की बाळा, मला सगळं दिसतं? सगळं आठवतं? तुझ्या नवऱ्याला घराबाहेर काढायला मी एका बाईचा कारखाना जाळायला निघाले होते? हे ऐकल्यावर त्या दोन बॅगांच्या शेजारी तिसरी लागली असती. आपलेच दात, आपलेच ओठ. बोलायची सोय नाही.

म्हटलं, "हो गं. हल्ली नीट दिसत नाही."

तिने मला मिठी मारली. किती वर्षांनी! मी त्या मिठीत बसून राहिले, निर्लज्जासारखी. मग डोळे पुसून ती म्हणाली, "आता गनला हात लावायचा नाही. हात भाजून घेशील. तू आपली काउंटरवर बस, गिऱ्हाइकांशी बोल." माझी पकड, माझं भिंग, माझी गन — सगळं उचलून खिडकीच्या टेबलावर मांडलं. तिला वाटतंय, ती माझी काळजी घेतेय!

१८ नोव्हेंबर

चष्म्याच्या दुकानात नेलं. कन्या खुर्चीला खेटून उभी. माणूस भिंगं बदलत विचारतो, "हे स्पष्ट की हे?" जवळच्या कामाचा चष्मा आहे माझा, अगदी बरोबर आहे. सगळं लख्ख दिसत होतं. तक्त्याच्या खाली छापणाऱ्याचं नाव होतं, तेसुद्धा वाचता येत होतं. पण बरोबर सांगितलं तर डोळे निर्दोष सुटतात, आणि मग उरतं काय? एक तर डोकं गेलेलं, नाहीतर मन काळं.

चुकीचं सांगितलं. प्रत्येक वेळी. तो माणूस गोंधळला, पण नंबर लिहून दिला त्याने. कन्या म्हणाली, "बघ, मला वाटलंच होतं."

२० नोव्हेंबर

चष्मा आला. घातला की जमीन वर येते. गिऱ्हाइकाचा चेहरा दिसत नाही, नुसतं काहीतरी गुलाबी हलतं. उंबऱ्याला ठेचकाळले. कपाळ ठणकतंय. कन्या म्हणते, सवय होईल. ती असली की घालते, पाठ फिरली की काढते. बघूया मला आता हाताला धरून पायरी उतरवतो. रस्त्यावरच्या लोकांसमोर!

२१ नोव्हेंबर

मालकीणबाईने कारखान्यातून एक भरतकामाची उशी पाठवली. त्याच्यासाठी. कन्येने ती खिडकीजवळच्या खुर्चीवर ठेवली.

२२ नोव्हेंबर

कन्या बाजारात गेली. दुकानात आम्ही दोघंच. मी चष्मा काढून ठेवला आणि जरा मोकळा श्वास घेतला. तो एका बोर्डावर वाकलेला होता. मान वर न करता बोलला.

"आई, तुमचे डोळे चांगले आहेत. तुम्ही चहा घेऊन आलात ना, मला तेव्हाच कळलं होतं. हिला मी बोललो नाही. बोलणारही नाही."

त्याने सोल्डरचा एक थेंब टाकला, फुंकर मारली.

"चष्मा घाला. ती येईल इतक्यात."

घातला.