राजानं नाव विचारलं

सोम., ८ डिसें., पांढुर्णा

मोबाईलवर तो राजाचा जुना सिनेमा सापडला. राजा अन् त्याचा बालमित्र. सहावीत असताना सौंसरच्या तंबूत वसंतासंग पाहिला होता. राजाची दाढी कानापाशी सुटलेली. वश्या तेव्हा तंबूत ओरडला होता, "दाढी निघून राहिली बे राजाची!" आज शिपायाच्या मनगटावर घड्याळही दिसलं. एकटाच हसलो. बायको गेल्यापासून घरात आपलाच आवाज लय मोठा वाटते.

मंगळ., ९

दरबाराचा सीन. मित्र भर दरबारात म्हणते, "काय रे बंड्या!" राजा द्वारपालाले विचारते, "हे कोण?" तिथंच बंद केला.

वसंता प्राचार्य होऊन आमच्याच शाळेत आला, तो दिवस आठवला. मी तिथं बाबू. स्टाफसमोर म्हणलं, "काबे वश्या, खुर्ची गरम झाली का?" त्यानं चष्म्यावरून पाहिलं. "आपलं नाव?"

तीस वर्षांचा दोस्त! सांगितलं नाव. मंग रिटायर होईपर्यंत फक्त "सर". नंतर तेही नाही. तो सौंसरले, मी इथं.

गुरु., ११

बोरगावचा भाचा संत्री ठेवून गेला. एकट्याले किती लागतात? त्याचं सौंसरले येणंजाणं, त्याच्याकडून वसंताचा नंबर घेतला. कायले घेतला, माहीत नाही.

पुन्हा तोच सीन. आज राजाले सोडून मित्राकडं पाहिलं. बंड्या म्हणताना तो राजाकडं पाहतच नाही, सरदारांकडं पाहते. राजा माझ्या खिशात हाये, हे त्याईले दाखवून राहिला. तंबूत हे दिसलं नव्हतं. आम्ही दोघांनी राजालेच शिव्या घातल्या होत्या, वश्यानं जास्त.

अन् मी त्या दिवशी कोणाकडं पाहत होतो? स्टाफकडं. हट्!

शुक्र., १२

सिनेमा चांगला हाये. दाढी सोडून. पण राजाचंही चुकलंच. नाव विचारायचं नव्हतं बे.

शेवटी राजा मित्राच्या दारी येते, तोवर मित्र गाव सोडून गेलेला. रडलो. लाज कायची, पाहायले हाये कोण?

शनि., १३

सकाळपासून फोन हातात. "सर" म्हणू का "वश्या"? ठरेना. चहा दोनदा उतू गेला. लावला.

"हॅलो, कोण?"

पुन्हा तोच सवाल. नाव तोंडापर्यंत आलं, सांगितलं नाही. म्हणलं, "राजाची दाढी निघून राहिली."

तिकडून नुसता खोकला. पण फोन ठेवला नाही त्यानं. मीही नाही ठेवला.