ताईला म्हटलेलं थँक्यू

ता. ४ मार्च

ती. ताईस,
धाकट्याचा सा. न. वि. वि.

ऑपरेशन झालेल्या डोळ्याने आता लख्ख दिसतं. दीड महिना राहून तू वेळच्या वेळी थेंब घातलेस, म्हणून हे पत्र माझ्या हाताने लिहितोय. पण तुला जाऊन तीन आठवडे झाले, तुझी दोन ओळींची खुशालीही नाही. सूनबाई म्हणते, तू निघताना मी "थँक्यू" म्हणालो ते आत्याबाईंना लागलं. गाडीत बसताना पुटपुटल्या, की दार धरणाऱ्या परक्याला म्हणतात ते मला म्हणाला.

दोष नातीचा. ती रोज मला इंग्रजी शिकवते. तिच्या मते हा शब्द पाणी देणाऱ्याला, वाट सोडणाऱ्याला, कुणालाही म्हणावा. सख्ख्या बहिणीलाही का, असं विचारलं, तर म्हणाली, तिला तर आधी. आपल्या घरी असं काही म्हणायची रीतच नव्हती गं. आभार मानायचे ते सभेच्या शेवटी, लोक चपला शोधायला लागल्यावर.

खरं सांगू? ते थेंबांसाठी नव्हतंच. चौथीत मी गोवराने पडलो, तेव्हा कवितांचं पुस्तक उसनं आणून तू अख्खं वहीत उतरवलंस. बोटाला घट्टा पडला होता. त्याच कविता गुणगुणत मी चाळीस वर्षं पुस्तकांचं बायंडिंग केलं, ओळीला एक टाका. तुला मात्र कधी चकार शब्दाने बोललो नाही. गाडी सुरू झाली आणि हाताशी तेवढाच शब्द सापडला.

ती वही नव्याने बांधून पाठवतोय. रुसवा सोड, माया होती तेवढीच राहू दे.

तुझा,
धाकटा


ता. १३ मार्च

चि. धाकट्यास,
ताईचे अ. आ.

रुसले होते, खोटं कशाला बोलू? दीड महिना राबून पाहुणी ठरले, असं वाटलं. घट्ट्याचं वाचलं आणि पत्र दोनदा बाजूला ठेवावं लागलं. ह्यांना वाटलं, काही वाईट बातमी आहे.

नातीला सांग, तिचा शब्द मला अजून पटलेला नाही. पण तू म्हटलास तो ठेवून घेतलाय. पुन्हा म्हणू नकोस. माया आहेच, ती काय मागायची असते?

आणि काय रे, जन्मभर पुस्तकं बांधलीस, माझ्याच वहीत नदीच्या कवितेचं पान उलटं शिवलंस! म्हणे डोळ्याने लख्ख दिसतं. वही घेऊन रविवारी येते. आधी डोळा दाखवू, मग पान उसवू. तोवर नदी उलटी वाहू दे.

ताई