ब्रेक झाला म्हटलं ते खोटं

अहो,

तुमचा फोन लागत नाही, म्हणून लिहितेय. गाडीचा ब्रेक दुरुस्त झालेला नाही. मी खोटं बोलले.

तुम्ही नको म्हणालात तरी मी नव्या गाडीतून मासळीच्या टोपल्या नेल्या. शोरूमच्या साहेबाला वास आला. गाडीखाली न वाकताच म्हणाला, "खारं पाणी लागलंय, वॉरंटीत बसत नाही." मेल्याच्या खिडकीतून समुद्र दिसतो! गाडी विकताना नव्हता दिसला?

तुम्ही ओरडाल म्हणून मी "झालं काम" म्हटलं. आणि तुम्ही त्याच गाडीतून आईंना घेऊन वेळणेश्वराला गेलात. तिथला उतार आठवतोय आणि मी पुन्हा पुन्हा फोन लावतेय.

घराजवळच्या वळणावर तुमचा हॉर्न वाजला, की हे फाडून सगळं तोंडानेच सांगेन. हवं तेवढं ओरडा. फक्त ओरडायला या.

गुणवंती