‘सेट’च्या चिठ्ठ्या

३ मार्च

चि. धाकोबास ताईचे अनेक आशीर्वाद.

पत्रास कारण की, माझ्या हातून घोटाळा झालाय आणि सांगायला तुझ्याशिवाय कोणी नाही. अण्णांचं सामान माझ्याकडे आणताना ते बुटांचं खोकं रद्दीत गेलं. हो, तेच, ‘सेट’चं! रद्दीवाल्याकडे धावत गेले, पण माल सकाळीच कारखान्यात रवाना झालेला.

छापखान्यात दिवसभर प्रुफं तपासून माणूस शब्दांना कंटाळतो. आपले अण्णा घरी येऊन त्या एवढ्याशा इंग्रजी शब्दाचे अर्थ गोळा करायचे! स्वतःच्या कानांनी ऐकल्याशिवाय अर्थ टिपायचा नाही, हा नियम. एका अर्थाला एक चिठ्ठी, तिच्यावर वाक्य, बोलणाऱ्याचं नाव, तारीख. आणि घरात बोलणारं कोण? आई! कवळ्या बनवण्याच्या कामामुळे तो शब्द सदान् कदा तिच्या तोंडी. निम्म्याहून जास्त चिठ्ठ्या तिच्याच. तिला जाऊन वर्ष झालं, तिचं बोलणं तेवढंच उरलं होतं रे. अण्णा रोज विचारतात, खोकं कुठाय. मी सांगते, माळ्यावर आहे. काय करू?

तुझ्या मायेची आत्ता फार गरज असलेली,
ताई

११ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

आधी तुझा राग आला. लहानपणी माझं एक पेन हरवलं तरी तू घर डोक्यावर घ्यायचीस! मग लाज वाटली. ते खोकं मी तरी कधी उघडून पाहिलं होतं?

मी आईचं आठवेल ते लिहायला बसलोय, एकोणीस चिठ्ठ्या झाल्या. ‘प्लॅस्टर सेट होईपर्यंत हात लावलास तर याद राख’, आणि लगेच पाठीत धपाटा. धपाटाही लिहिलाय. एकदा अण्णा सांगत होते, बसवण्याचा सेट हा जुना, इंग्रजीच्या घरचा. आणि वस्तूंचा सेट लॅटिनमधून फ्रेंचच्या दारातून आलेला. दोघांची घराणी वेगळी, पण एकाच नावाने नांदतायत. आई म्हणाली, म्हणजे नवरा-बायकोच की!

तूही लिही. पण अण्णांना खरं सांगून मगच दे. त्यांच्या नजरेतून स्वल्पविराम सुटत नाही, तुझं गिचमिड अक्षर सुटेल होय?

राग गेलाय, लोभ तसाच ठेव.
धाकटा

२ एप्रिल

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

ताईने रडत रडत सगळं सांगितलं. खोकं माळ्यावर नाही हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. तिच्या घराला माळाच नाही.

दोन दिवस मी तिच्याशी बोललो नाही. वाईट वागलो. तिसऱ्या दिवशी तुमच्या त्रेचाळीस चिठ्ठ्या आणि लाल पेन्सिल घेऊन बसलो. तारखा चुकलेल्या, शुद्धलेखनाची दैना. पण मी शब्दापुरतं वाक्य ठेवून बाकीचं छाटत असे. तुम्ही आईची चिडचिड, हसणं, सगळं राहू दिलंत. शिवाय माझ्याकडे फक्त माझ्यासमोर बोललेलं होतं.

तुझ्या एका चिठ्ठीवर अडकलो. मी कामावर असताना शेजारीण हिला म्हणाली की मुलं मार्गाला लागली, आता तुमचं सगळं सेट झालं. त्यावर ही म्हणाली, ‘कसलं सेट? मी बोलायला लागले की हा माणूस मान खाली घालून लिहायला लागतो. एकदा माझ्याकडे बघत नुसतं ऐकलं ना, तर म्हणेन झालं.’

मला वाटायचं, मी लिहून घेतो याचं तिला कौतुक आहे. बत्तीस वर्षं असंच वाटत होतं. फार चुकलो रे.

काल ताई दुपारभर तिच्याबद्दल बोलत होती. हात सवयीने कागदाकडे गेला, मी मागे घेतला. तू रजा काढून ये. आणखी काही आठवलं तर आता लिहून पाठवू नकोस, समोर बसून सांग. मी तुझ्याकडे बघत ऐकेन.

वाट पाहतो.
अण्णा